कुत्र्याची ॲलर्जी नैसर्गिक उपायांनी आटोक्यात कशी ठेवावी: क्रमवार मार्गदर्शन

माणसाला ॲलर्जी झाली की शिंका येतात आणि डोळ्यांतून पाणी वाहते. कुत्र्याची ॲलर्जी मात्र मुख्यतः त्वचेवर उतरते. पंजे सतत चाटणे, तोंड जमिनीवर घासत राहणे, कान खाजवणे, काखा आणि जांघा लाल होणे, कान पुन्हा पुन्हा बिघडणे, पोटावर पुरळ उठणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. फिकट केसांच्या कुत्र्याचे पंजे तांबूस-तपकिरी दिसू लागले, तर तो रंग लाळेचा असतो, म्हणजे आपले लक्ष नसतानाही तो पंजे चाटत असतो. अशा कुत्र्याला धड झोप लागत नाही, त्याचे खेळणे कमी होते, स्वभाव चिडका होतो, आणि त्याची तगमग बघवत नसल्यामुळे घरातली माणसे मिळेल तो उपाय करून पाहू लागतात. नेमके इथेच बहुतेकांचे चुकते, कारण उपाय चांगला असूनही त्याची वेळ आणि क्रम चुकीचा असेल, तर गुण येत नाही आणि मग तो उपायच निकामी ठरवला जातो.

ॲलर्जी समूळ बरी करणे बहुधा शक्य नसते, पण ती आटोक्यात ठेवणे पुष्कळदा शक्य असते. प्रत्येक कुत्र्याच्या शरीराची सहन करण्याची एक मर्यादा असते आणि खाजेची कारणे एकमेकांत मिसळत जाऊन ती मर्यादा ओलांडतात. धुळीची थोडी ॲलर्जी, चार पिसवांचे चावे आणि त्वचेवर वाढलेले यीस्ट (एक प्रकारची बुरशी) यांपैकी एकेक गोष्ट कदाचित निभावली असती. तिन्ही एकत्र आल्या की कुत्रा रात्रभर खाजवतो. नैसर्गिक उपायांचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. एकट्या उपायाने चमत्कार होत नाही, परंतु आंघोळ, आहार, घरातली स्वच्छता आणि योग्य मेदाम्ले यांनी हा एकूण भार उतरवत नेला, तर कुत्रा मर्यादेच्या आत येतो आणि औषधे लागलीच, तर कमी मात्रेत पुरतात. या लेखातील सर्व सूचना पशुवैद्याच्या तपासणीला जोड म्हणून आहेत, तिच्याऐवजी नाहीत.

कोणत्या प्रकारची ॲलर्जी आहे, याचा अंदाज

कुत्र्यांमध्ये प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असेल, तर खाज बहुधा कमरेच्या मागील भागात, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांवर असते. परिसरातील घटकांची ॲलर्जी, म्हणजे धुळीतील डस्ट माइट, परागकण, बुरशीचे कण यांमुळे होणारा ॲटोपिक त्वचादाह (थोडक्यात ॲटोपी), हा पंजे, चेहरा, कान, काखा आणि पोट यांवर दिसतो आणि बहुतेक वेळा वयाच्या ६ महिने ते ३ वर्षे या काळात सुरू होतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत त्याचे प्रमाण अधिक आहे. तिसरा प्रकार अन्नाच्या ॲलर्जीचा. तो कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, ऋतूनुसार बदलत नाही आणि त्याच्यासोबत काही कुत्र्यांना सैल शौच, वारंवार शौच, उलट्या किंवा गॅस असा पोटाचा त्रासही होतो. केवळ त्वचा पाहून अन्नाची ॲलर्जी आणि परिसरातील ॲलर्जी वेगळी ओळखता येत नाही, आणि एकाच कुत्र्याला दोन्ही असू शकतात.

स्पर्शाने होणारी ॲलर्जी तुलनेने दुर्मीळ असते. ती केस विरळ असलेल्या जागी, म्हणजे पोटाखाली, हनुवटीवर किंवा बोटांमध्ये उमटते. ट्रॅडेस्कँशिया जातीच्या जमिनीवर पसरणाऱ्या वेलींमुळे ती झाल्याची उदाहरणे चांगली परिचित आहेत.

खाज म्हणजे ॲलर्जीच, असे मात्र धरून चालू नये. खरूज आणि लूत पसरवणारे सूक्ष्म कीटक, उवा, बुरशी आणि जिवाणूंचा संसर्ग हुबेहूब ॲलर्जीसारखे दिसतात. म्हणून पशुवैद्य त्वचा खरवडून, केस तपासून आणि त्वचेवर चिकटपट्टी दाबून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आधी ही कारणे बाजूला काढतात. ॲटोपीचे निदान असे इतर कारणे वगळतच केले जाते. रक्ताची किंवा त्वचेची ॲलर्जी चाचणी निदानासाठी नसते. निदान पक्के झाल्यावर शरीराला ॲलर्जीच्या घटकांची सवय लावणारी लस कोणत्या घटकांची बनवायची, हे ठरवण्यासाठी ती उपयोगी पडते.

पहिली पायरी: नोंदी ठेवणे

कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि रोज ठरावीक वेळी कुत्र्याच्या खाजेला ० ते १० यांमधील अंक द्यावा. शून्य म्हणजे निरोगी कुत्रा जेवढे सहज खाजवतो तेवढेच, आणि दहा म्हणजे खाणे, खेळणे, झोपणे सोडून सतत खाजवणे. पशुवैद्यकातही अशीच मोजपट्टी वापरतात आणि तीवर २ पेक्षा कमी अंक हा जवळजवळ सामान्य मानला जातो. अंकाच्या शेजारी त्या दिवशीचे खाणे, खाऊ, आंघोळ, फिरण्याची जागा, हवामान आणि दिलेली औषधे लिहावीत. आठवड्यातून एकदा त्याच जागांची, त्याच प्रकाशात छायाचित्रे काढावीत. आपल्या स्मरणावर भिस्त ठेवली, तर कालचा वाईट दिवस मागचा संपूर्ण महिना झाकून टाकतो. वहीत मात्र ७ वरून ४ वर आलेली खाज स्पष्ट दिसते.

याच वहीसाठी एक नियम पाळावा: एका वेळी एकच बदल. नवे अन्न, नवा शाम्पू आणि माशाचे तेल एकाच आठवड्यात सुरू केले, तर गुण कशाने आला किंवा त्रास कशाने वाढला, हे कधीच कळत नाही.

दुसरी पायरी: पिसवांचा पूर्ण बंदोबस्त

पिसवा दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत, असा निष्कर्ष काढू नये. ॲलर्जी असलेला कुत्रा इतका चाटतो आणि चावतो की अंगावरच्या पिसवा तोच गिळून टाकतो, आणि अशा कुत्र्याला मोजके चावेही दीर्घकाळ खाज देण्यास पुरतात. बारीक दातांच्या फणीने कमरेवरचे केस विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. तिच्याभोवती तांबडा डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त.

घरात असलेल्या एकूण पिसवांपैकी प्रौढ पिसवा साधारण ५ टक्केच असतात. बाकीचा सारा पसारा अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यात आणि फटींत असतो. कोशावर कीटकनाशकाचाही फारसा परिणाम होत नाही आणि त्यात पिसू महिनोन्महिने दबा धरून राहू शकते. म्हणून कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावे, फरशीच्या कडा, सोफ्याच्या फटी आणि वाहनातील आसने व्हॅक्यूम क्लीनरने नियमित साफ करावीत आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाकावा. घरातल्या प्रत्येक कुत्र्यामांजरावर एकाच वेळी उपचार करावेत. एखादे मांजर सुटले, तर तेवढ्याने चक्र पुन्हा सुरू होते.

इथे मला स्पष्ट बोलणे भाग आहे. पिसवांच्या बाबतीत घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, उलट लसूण आणि कांदा यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होऊ शकतो. पिसवा पळवण्यासाठी गळ्यात बांधायच्या ध्वनिलहरींच्या पट्ट्यांचा उपयोग नाही. सुगंधी तेलांचा परिणाम तात्पुरता आणि बेभरवशाचा असतो, धोका मात्र खरा असतो. पशुवैद्याने दिलेले पिसूप्रतिबंधक औषध नियमित वापरणे हाच ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी सर्वांत सौम्य मार्ग आहे, कारण त्यामुळे पुढची कितीतरी औषधे टळतात. एक सावधगिरी बाळगावी: कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजरांसाठी प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे घरात मांजर असेल, तर ते आधीच सांगावे. दुसरी बाब आंघोळीची. मानेवर टाकण्याची काही औषधे वारंवार आंघोळ घातल्यास धुऊन जातात. कुत्र्याला दर आठवड्याला आंघोळ घालायची असेल, तर पोटातून द्यायच्या गोळीचा पर्याय विचारावा.

तिसरी पायरी: संसर्ग आधी शमवणे

खाजवून फाटलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट बेसुमार वाढतात. त्वचेला कुबट, तेलकट वास येणे, ती जाड आणि काळपट होणे, गोलसर खपल्या धरणे, पुळ्या येणे, कानातून तपकिरी मळ निघणे ही त्याची चिन्हे आहेत. संसर्ग स्वतःच खाज निर्माण करतो, त्यामुळे तो असेपर्यंत आहार किंवा पूरक तेल कितीही चांगले असले, तरी त्याचा गुण दिसत नाही.

संसर्ग वरवरचा असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेल्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा आंघोळ घालून तो अनेकदा प्रतिजैविकांशिवाय आटोक्यात येतो. शाम्पू लावल्यावर त्वचेवर १० मिनिटे राहू द्यावा लागतो. लगेच धुऊन टाकल्यास औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. तो डोळ्यांत आणि कानांत जाऊ देऊ नये. कानांसाठी वेगळे, कुत्र्यांसाठी बनवलेले द्रावण वापरावे, आणि कान दुखत असेल, मान एका बाजूला झुकत असेल किंवा कानातून पू येत असेल, तर पडदा तपासून घेतल्याशिवाय काहीही आत सोडू नये.

चौथी पायरी: आहाराची चाचणी

वर्षभर खाज राहत असेल, किंवा त्वचेसोबत पोटही बिघडलेले असेल, तर अन्नाची ॲलर्जी आहे की नाही, हे तपासण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे वर्ज्य आहाराची चाचणी. रक्त, लाळ किंवा केस तपासून अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करून देणाऱ्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. निरोगी कुत्र्यांच्या नमुन्यांतही त्या ॲलर्जी दाखवतात. त्यांच्यावर खर्च करण्याऐवजी तोच पैसा योग्य आहारावर करावा.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. धान्यामुळे कुत्र्यांना ॲलर्जी होते, अशी समजूत फार पसरलेली आहे, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा सर्वाधिक वेळा आढळलेले घटक होते गोमांस (सुमारे ३४ टक्के), दुग्धजन्य पदार्थ (१७ टक्के), कोंबडी (१५ टक्के) आणि त्यानंतर गहू (१३ टक्के). म्हणजे मुख्य दोष बहुधा प्राणिज प्रथिनांकडे जातो. शिवाय डाळी आणि वाटाणे भरपूर असलेल्या काही धान्यविरहित खाद्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. खाज आहे म्हणून सरसकट धान्य बंद करण्याला त्यामुळे आधार उरत नाही.

चाचणीसाठी दोन प्रकारचे अन्न वापरता येते. पहिल्या प्रकारात कुत्र्याने आयुष्यात कधीही न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ असतो. दुसऱ्या प्रकारात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा ते ओळखू शकत नाही. याला हायड्रोलाइज्ड आहार म्हणतात. नवे प्रथिन निवडताना नातेवाईक प्राण्यांचा विचार करावा: गोमांसाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मेंढीचे मांस चालेलच असे नाही, आणि कोंबडी सोसत नसेल, तर बदकाची खात्री देता येत नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या मोजक्या घटकांच्या खाद्यांत वेष्टनावर न लिहिलेली प्रथिने अनेक तपासण्यांत आढळलेली आहेत, म्हणून चाचणीपुरते तरी पशुवैद्यकीय आहार किंवा घरी शिजवलेले अन्न अधिक खात्रीचे. घरचे अन्न प्रौढ कुत्र्याला चाचणीच्या काळापुरते पशुवैद्याच्या सल्ल्याने देता येते, पण वाढत्या पिल्लाला ते देऊ नये, आणि पुढे कायम तेच द्यायचे ठरले, तर पशुआहारतज्ज्ञाकडून कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे यांचे प्रमाण ठरवून घ्यावे. केवळ मांस आणि भात यांवर कुत्र्याचे वर्षानुवर्षे नीट पोषण होत नाही.

प्रत्यक्ष चाचणी अशी करावी. नव्या अन्नाची सवय ५ ते ७ दिवसांत हळूहळू लावावी आणि मग किमान ८ आठवडे त्याशिवाय दुसरे काहीही देऊ नये. पाच आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक अन्न-ॲलर्जीग्रस्त कुत्र्यांत सुधारणा दिसते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून दिलेली चाचणी काहीच सांगत नाही. "दुसरे काहीही नाही" याचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो: खाऊची बिस्किटे, चावण्याची हाडे, मांसाची चव दिलेल्या गोळ्या, चवदार टूथपेस्ट, मांजराच्या भांड्यातले उरलेले अन्न, बाळाच्या हातून पडलेला घास, फिरताना रस्त्यावर उचललेला तुकडा, सगळेच बंद. चवीच्या गोळ्या बंद करताना महत्त्वाचे औषध परस्पर थांबवू नये, बिनचवीचा पर्याय मागावा. खाऊ म्हणून चाचणीच्याच अन्नाचे तुकडे बाजूला काढून ठेवावेत. माझ्या मते ही चाचणी फसण्याचे सर्वांत मोठे कारण अन्न नसते, घरातल्या एखाद्या व्यक्तीचा कळवळा असतो. तेव्हा सुरुवातीलाच घरातल्या सर्वांना, आजीआजोबा आणि मुलांनाही, समोर बसवून समजावून सांगावे.

खाज कमी झाली, तरी चाचणी तिथे संपत नाही. पूर्वीचे अन्न पुन्हा सुरू करून पाहावे लागते. अन्न हेच कारण असेल, तर खाज काही तासांत ते साधारण १४ दिवसांत परत येते, आणि नवे अन्न दिल्यावर पुन्हा शमते. हा पडताळा बरेच जण टाळतात, आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण बऱ्या झालेल्या जनावराला जाणूनबुजून पुन्हा त्रासात कोण ढकलेल? परंतु तो केला नाही, तर सुधारणा अन्नामुळे झाली की मधल्या काळात बदललेल्या ऋतूमुळे, हे कळत नाही आणि कुत्र्याला विनाकारण आयुष्यभर पथ्यावर राहावे लागते. पडताळा पूर्ण झाल्यावर एकेक घटक, प्रत्येकी दोन आठवडे, देऊन नेमका दोषी शोधावा.

पाचवी पायरी: त्वचेची तटबंदी

ॲटोपी असलेल्या कुत्र्याच्या त्वचेत सेरामाइड नावाच्या मेदांची कमतरता असते. विटांच्या भिंतीतला चुना झडावा, तशी पेशींमधली जागा उघडी पडते. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे परागकण, धूळ, जिवाणू आत शिरतात. ॲलर्जीचे घटक कुत्र्याच्या शरीरात प्रामुख्याने त्वचेवाटेच प्रवेश करतात, असे आता मानले जाते. त्यामुळे आंघोळ हा ॲलर्जीवरचा खराखुरा उपचार आहे आणि सर्व नैसर्गिक उपायांत मी तिला सर्वांत वरचे स्थान देईन.

आठवड्यातून एकदा कोमट, किंबहुना थंडाव्याकडे झुकणाऱ्या पाण्याने आंघोळ घालावी. गरम पाण्याने त्वचेतील रक्तप्रवाह वाढून खाज भडकते. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या बरीच जवळ असते, म्हणून आपला किंवा लहान मुलांचा शाम्पू त्याला वापरू नये. संसर्ग नसेल, तेव्हा बारीक दळलेल्या ओट्सचा, सेरामाइडयुक्त किंवा बिनसुगंधी सौम्य शाम्पू निवडावा, तो हलक्या हाताने केसांच्या दिशेने चोळावा, ५ ते १० मिनिटे ठेवावा आणि भरपूर पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवावा. त्वचेच्या घड्यांत राहिलेला शाम्पू हेच नव्या खाजेचे कारण ठरू शकते. नंतर टॉवेलने टिपून घ्यावे, घासू नये, आणि केस वाळवण्याचे यंत्र वापरायचे झाल्यास थंड हवेवर ठेवावे. अंग थोडे ओलसर असताना कुत्र्यांसाठीचा ओलावा टिकवणारा फवारा किंवा कंडिशनर लावल्यास आंघोळीचा गुण अधिक दिवस टिकतो.

रोजचे काम त्याहून लहान, पण तितकेच मोलाचे आहे. फिरून आल्यावर पंजे, पोट आणि तोंडाभोवतीचा भाग साध्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून बोटांमधली जागा कोरडी करावी. परागकण आणि गवताचे कण तिथेच साचतात, आणि ओल राहिली, तर यीस्टला आयते घर मिळते.

घरातली धूळ आणि हवा

डस्ट माइट हे उघड्या डोळ्यांना न दिसणारे कीटक माणसाच्या आणि प्राण्यांच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना ओलसर उबदार गाद्या आवडतात. घरातली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली, तर त्यांची वाढ मंदावते. कुत्र्याचे अंथरूण धुता येण्याजोगे असावे. पिसवांसाठी सांगितलेली ६० अंशांची धुलाई इथेही उपयोगी पडते. जाड गालिचे आणि मऊ भुसभुशीत खेळणी कमी करावीत, झाडलोट कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने करावी आणि साफसफाई चालू असताना कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. सिगारेटचा धूर, सुगंधी फवारे आणि फरशी पुसण्याची तीव्र वासाची रसायने त्याच्यापासून दूर ठेवावीत.

कोरड्या खाद्याच्या पोत्यात साठवणीतले माइट वाढू शकतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. खाद्याची लहान पिशवी आणावी, ती थंड, कोरड्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि जुन्या खाद्यावर नवे ओतण्यापूर्वी डबा धुऊन पूर्ण वाळवावा. परागकणांच्या हंगामात नुकतेच कापलेले गवत टाळावे.

सहावी पायरी: ओमेगा-३ आणि इतर पूरके

पूरकांमध्ये सर्वांत भक्कम आधार माशाच्या तेलातील इपीए आणि डीएचए या दोन मेदाम्लांना आहे. ती पेशींच्या आवरणात सामावली जाऊन दाह वाढवणाऱ्या द्रव्यांची निर्मिती कमी करतात, पण त्यासाठी ८ ते १२ आठवडे लागतात. त्यांच्यामुळे एकट्याने खाज थांबणे विरळा. मात्र स्टिरॉइडसारख्या औषधांची मात्रा कमी करता येते, आणि हा लाभ लहान नाही. ॲटोपीसाठी सुचवली जाणारी मात्रा पाहता १० किलोच्या कुत्र्याला इपीए आणि डीएचए मिळून दिवसाला सुमारे ७०० मिलिग्रॅम, २० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,२०० मिलिग्रॅम आणि ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,६०० मिलिग्रॅम लागतात. वेष्टनावर "माशाचे तेल १,००० मिलिग्रॅम" असे लिहिलेले असले, तरी त्यात इपीए आणि डीएचए किती, हे बघूनच हिशेब करावा. पूर्ण मात्रा एकदम न देता दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यावी, नाहीतर शौच सैल होते. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेला असेल, रक्त गोठण्याचा विकार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर आधी विचारावे. कॉड माशाच्या यकृताचे तेल याला पर्याय नव्हे, कारण इतक्या मात्रेत त्यातले अ आणि ड जीवनसत्त्व विषारी पातळी गाठू शकते. जवसाचे तेलही ती जागा घेऊ शकत नाही, कारण त्यातल्या ओमेगा-३ चे इपीएत रूपांतर करण्याची कुत्र्याच्या शरीराची क्षमता अगदी कमी असते.

प्रोबायोटिक्सबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला ती देऊन पाहण्यास हरकत नाही, पण खाजेसाठी त्यांच्यावर मदार ठेवू नये. क्वेर्सेटिन (वनस्पतींतले एक द्रव्य), हळद आणि मध यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, मात्र कुत्र्यांच्या ॲलर्जीत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

नैसर्गिक असूनही टाळावेत असे उपाय

टी ट्री तेल हे यातले सर्वांत धोकादायक. त्वचेवर लावलेले थोडेसे शुद्ध तेलही कुत्र्याला अशक्तपणा, थरथर आणि तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे देऊ शकते. ॲपल सायडर व्हिनेगर फुटलेल्या त्वचेवर प्रचंड आग करते आणि कानात तर ते कधीच घालू नये. खोबरेल तेल निरुपद्रवी वाटते, परंतु कुत्रा ते लगेच चाटून टाकतो, जादा मेद पोटात जातो, आणि मॅलॅसेझिया यीस्ट मेदावरच पोसले जात असल्यामुळे तेलकट त्वचेवर त्याचा उपयोग होण्याऐवजी त्रासच वाढू शकतो. कोरफडीच्या पानातला पिवळा चीक पोटात गेल्यास जुलाब होतात. माणसांची मलमे लावताना त्यात झिंक ऑक्साइड आहे का ते पाहावे, कारण चाटल्यास ते विषारी ठरते. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांतही नाक मोकळे करणारी द्रव्ये किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) मिसळलेले असू शकते आणि दोन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात; मुळात अँटिहिस्टामिनचा कुत्र्यांच्या खाजेवर परिणामही बेताचाच असतो.

औषधांची जागा

नैसर्गिक मार्ग स्वीकारणे म्हणजे औषध नाकारणे, असा हट्ट धरू नये. रक्त येईपर्यंत खाजवणाऱ्या कुत्र्याला १२ आठवड्यांनी गुण देणाऱ्या तेलाची वाट पाहायला लावणे क्रूर आहे. अशा वेळी पशुवैद्याने दिलेले स्टिरॉइड थोडे दिवस, किंवा ओक्लासिटिनिब अथवा लोकिव्हेटमॅब यांसारखे नवे औषध देऊन खाज आधी शमवावी आणि त्या उसंतीत आंघोळ, आहार आणि घराची घडी बसवावी. स्टिरॉइड चालू असताना ते एकाएकी बंद करू नये. मात्रा पशुवैद्याच्या सांगण्यानुसारच उतरवावी.

ॲटोपीचा मूळ प्रवाह बदलू पाहणारा उपचार मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे कुत्र्याला ज्यांची ॲलर्जी आहे, त्या घटकांचीच अतिसूक्ष्म मात्रा टोचून किंवा जिभेखाली देऊन शरीराला त्यांची सवय लावणे. त्याचा परिणाम दिसायला १२ महिनेही लागू शकतात, पण निम्म्याहून अधिक कुत्र्यांना तो लाभतो. नैसर्गिक उपायांवर श्रद्धा असलेल्या पालकांनी याचा विचार अवश्य करावा.

चेहरा किंवा घसा सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे, किंवा कीटक चावल्यावर अचानक उलट्या, जुलाब होऊन कुत्रा कोसळणे, ही तातडीची लक्षणे आहेत. तीव्र प्रतिक्रियेचा पहिला आघात कुत्र्यात बहुधा यकृतावर आणि आतड्यांवर होतो, त्यामुळे श्वासाचा त्रास दिसत नसला, तरी घरी थांबू नये.

खाज पुन्हा उसळली, तर

नीट चाललेल्या कुत्र्याची खाज मध्येच वाढणे अपेक्षित असते, आणि तेव्हा सगळा बेत मोडीत काढण्याची गरज नसते. आधी वही उघडून पाहावे: पिसवांच्या औषधाची तारीख चुकली का, कुणी नवा खाऊ दिला का, खाद्याचे नवे पोते उघडले का, आंघोळ राहून गेली का, हंगाम बदलला का. मग कान आणि बोटांच्या फटी हुंगून पाहाव्यात. कुबट वास आला, तर संसर्ग परतला आहे. यांपैकी जे सापडेल तेवढेच दुरुस्त करावे आणि त्या आठवड्यात आंघोळ दोनदा घालावी. लाल, ओलसर, झपाट्याने पसरणारा चट्टा दिसला, तर त्याच्याभोवतीचे केस कापून, मिठाच्या सौम्य निर्जंतुक द्रावणाने तो स्वच्छ करावा, कुत्र्याला तिथे तोंड नेता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची संरक्षक कॉलर घालावी आणि एका दिवसात तो आटला नाही, तर पशुवैद्याकडे न्यावे. जाताना वही, छायाचित्रे आणि खाद्याचे वेष्टन सोबत घ्यावे.